मुंगी मेली

मध्यंतरी एका संध्याकाळी आमचा धाकटा पॅसेजमधून पळत येताना पायपुसण्यात पाय अडकून धाडकन पडला. सव्वातीन वर्षांचा आहे. पडल्यावर दोन सेकंद नुसता इकडंतिकडं बघत राहिला, रडायचं की नाही हे घरातल्या मोठ्यांच्या तोंडाकडं बघून ठरवायचं असल्यासारखा, आणि मग माझी नि त्याची नजरानजर झाली तसं त्यानं भोकाड पसरलं. मी कणीक मळत होते, हात धुवेपर्यंत आत्या (माझ्या सासूबाई, आमच्या सांगलीकडं आत्याच म्हणतात) पोचल्यासुद्धा. त्यांनी आधी फरशीवर दोन चापट्या मारल्या, "हात् रे! माझ्या बाळाला पाडतीस व्हय!" आणि मग त्याला कडेवर घेऊन, "काय नाय झालं, मुंगी मेली बघ तिथं, कुठं गेली मुंगी?" तो मुंगी शोधायला लागला. रडं थांबलं. सगळं मिळून अर्धा मिनिटसुद्धा लागला नसेल.

हे मी आयुष्यात हजार वेळा बघितलंय, माझ्यावर झालंय, मी स्वतः केलंय. पण त्या दिवशी कणकेचा हात तसाच घेऊन मी दारात उभी राहिले, कारण दोनच दिवस आधी मी थोरलीच्या बाबतीत अगदी हेच केलं होतं आणि तिथं ते चाललं नव्हतं.

थोरली अकरा वर्षांची, सहावीत. दोन वर्षं खो-खो खेळतीय, पावसाळ्यात चिखलात सुद्धा प्रॅक्टिस चुकवली नाही, गुडघ्यावरची एक खपली पडते न पडते तोवर दुसरी तयार. तालुक्याच्या स्पर्धेसाठी शाळेची टीम लागली आणि बारा जणींत तिचं नाव नव्हतं. नवात नाही हे ती धरूनच चालली होती, पण राखीवच्या तिघींमध्ये तरी येईल असं तिला वाटत होतं, आणि तिथं तिच्याच बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीचं नाव आलं. घरी आली, दप्तर सोफ्यावर टाकलं, बूट न काढता बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडला. नळ फुल सोडला की आतलं काही ऐकू येत नाही हे आमच्या घरात सगळ्यांना माहितीय, मीसुद्धा तोच नळ सोडत आलेय.

बाहेर आल्यावर मी काय केलं सांगू? म्हटलं, "अगं असू दे, एवढं काय त्यात, पुढच्या वर्षी येईल नाव, आणि एका अर्थी बरंच झालं, गणिताच्या क्लासकडं लक्ष देता येईल." म्हणजे मुंगी मेली. तिनं नुसतं बघितलं माझ्याकडं. तिचं ते बघणं मला सहन होईना म्हणून मी पुढं म्हटलं, "सरांना फोन करते मी, असं कसं घेतलं नाही, दोन वर्षं पोर राबतीय." म्हणजे फरशीवर चापट्या. फोन हातात घेतलाही होता. ती म्हणाली, "आई, तुला काहीच कळत नाही," आणि गॅलरीत जाऊन बसली.

तेव्हा मला वाईट वाटलं, जरा रागही आला, एवढं आपण हिच्यासाठी करायला निघालो आणि ही असं बोलते. अर्थ लागला तो दोन दिवसांनी, आत्यांच्या चापट्या ऐकल्यावर. पोर पडलं की आपल्याकडं ठरलेल्या तीन गोष्टी होतात. एक, फरशीला मारायचं, म्हणजे दोष दुसऱ्याचा. दोन, मुंगी दाखवायची, म्हणजे लागलंच नाही. आणि तिसरी माझ्या बाबांची पद्धत होती, पाठीत धपाटा, "बघून चालता येत नाही का?", म्हणजे लागलंय ते लागलंय आणि वर चूकही तुझीच. पोर मोठं झालं तरी आपण याच तीन गोष्टी करत राहतो, फक्त फरशीच्या जागी शाळा, सर, मैत्रीण नाहीतर पेपर काढणारे येतात, आणि मुंगीच्या जागी मोबाईल, पिझ्झा, "चल तुला नवीन सायकल घेऊ" हे येतं. या तिन्हीत एक प्रश्न विचारायचा राहून जातो. कुठं लागलं? बघू.

आपल्याकडं यासाठी एक फार सुंदर गोष्ट आहेच खरं तर, फुंकर. फुंकर घातल्यानं जखम बरी होत नाही हे घालणाऱ्यालाही माहीत असतं आणि थोड्या दिवसांनी पोरालाही कळतं, तरी पोर गुडघा पुढं करतं. कारण फुंकर घालायची तर आधी वाकावं लागतं, कुठं लागलंय ते नीट बघावं लागतं, आणि तेवढा वेळ दुसरं काही बोलता येत नाही. मला वाटतं त्या न बोलण्यातच निम्मं औषध आहे.

त्या रात्री मी गॅलरीत तिच्याशेजारी जाऊन बसले. ती गुडघ्यावरची खपली कडेकडेनं उचकटत होती, मी नेहमी ओरडते तसं ओरडले नाही. नुसतं म्हटलं, "परवा मला कळलंच नाही तुला काय झालंय ते. सांगशील?" बराच वेळ काही नाही. खाली रिक्षा येत-जात होत्या, समोरच्या बिल्डिंगमध्ये कुकरच्या शिट्ट्या. मग म्हणाली, "मला वाईट वाटलं नाही." मी गप्प. "म्हणजे वाईट वाटलं, पण ते नाही. ती माझी बेस्ट फ्रेंड आहे आणि तिचं नाव वाचलं तेव्हा मला वाटलं तिचं नाव यायलाच नको होतं. असं कोण वाटून घेतं का?" आणि मग रडली, नळ न सोडता.

म्हणजे मी दोन दिवस टीममध्ये नाव नाही याची समजूत काढत होते आणि तिचं दुखणं भलतीकडंच होतं. तिला मैत्रिणीचा हेवा वाटला होता आणि हेवा वाटला म्हणून स्वतःचीच लाज वाटत होती. मी सरांना फोन केला असता तर अजून एक गाठ पडली असती, बाकी काही झालं नसतं. मी तिला सांगितलं की याला हेवा म्हणतात, तो सगळ्यांना वाटतो, मला ऑफिसात वाटतो, आणि हेवा वाटणारा माणूस वाईट असतो असं काही नाही. ती म्हणाली, "आजीला पण वाटतो?" म्हटलं उद्या विचार.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २००७ सालचं एक संशोधन आहे. लोकांना रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे आणि त्या वेळी मेंदूत काय चाललंय ते स्कॅनवर बघायचं. चेहऱ्यावरच्या भावनेला जेव्हा लोक शब्द देत होते तेव्हा मेंदूतला अमिग्डाला नावाचा भाग, जो धोका दिसला की पेटतो, तो तुलनेनं शांत होत होता. हे वाचलं तेव्हा मला गॅलरीतली ती रात्र आठवली. नाव सापडल्यावर तिचे खांदे खाली आले होते, मी बघितलं होतं.

आणि नावांच्या बाबतीत आपली भाषा किती श्रीमंत आहे बघा. हिरमुसणं वेगळं, खट्टू होणं वेगळं, रुसणं वेगळं. रुसण्यात कुणीतरी समजूत काढेल ही खात्री असते, हिरमुसण्यात ती नसते. ओशाळणं, खजील होणं, कानकोंडं होणं, तिन्हीत लाज आहे पण सारखी नाही. चरफडणं हे आतल्या आत, धुसफुसणं हे थोडं ऐकू जाईल असं. चुटपुट, रुखरुख, हुरहूर, धाकधूक. पोटात गोळा येणं, घशाशी येणं, जीव टांगणीला लागणं, कशातच जीव न लागणं. एवढं सगळं घरात असताना आपण आणि आपली पोरं बोलतो काय, तर "टेन्शन आलंय", "मूड ऑफ आहे", "बोअर होतंय". इंग्रजीवर माझा राग नाही, पोरगी सेमी इंग्लिशलाच आहे, पण तीन शब्दांच्या डबीत सगळं कोंबलं की आत काय आहे हे त्या पोरालाही कळेनासं होतं. परीक्षेची धाकधूक आणि मैत्रिणीनं डबा शेअर केला नाही म्हणून आलेलं हिरमुसलेपण दोन्हीला टेन्शनच म्हणायचं, तर उपाय तरी वेगळा कसा सुचणार.

म्हणून आम्ही रात्री झोपताना एक करायला लागलोय, नेम असा नाही, आठवड्यात तीन-चार वेळा होतं. ज्यानं त्यानं दिवसातलं एक काहीतरी सांगायचं आणि त्याला नेमका शब्द शोधायचा. यांना पहिल्यांदा अवघड गेलं, पुरुषमाणसाला सवय नसते, ते म्हणायचे "ठीक होता दिवस." मग एकदा म्हणाले की साहेबांनी सगळ्यांसमोर बोललं तेव्हा कानकोंडं झाल्यासारखं झालं. थोरलीनं डोळे मोठे करून बाबांकडं बघितलं. बाबांनाही कुणी बोलतं हे तिला त्या दिवशी कळलं. धाकटा रोज एकच सांगतो, "मला राग आला," कशाचा ते दर वेळी वेगळं असतं, कधी भेंडीचा, कधी लाईट गेल्याचा.

मला माहितीय आता कुणीतरी म्हणणार, आमच्या वेळी असली थेरं नव्हती, खाल्ला मार आणि झालो मोठे, काय बिघडलं आमचं? हे वाक्य मी आत्यांच्या तोंडूनही ऐकलंय. म्हणून एकदा मी त्यांनाच विचारलं की तुम्ही पडला की काय व्हायचं. आत्या आटपाडीकडच्या. १९७२ च्या दुष्काळात त्या अकरा वर्षांच्या होत्या, म्हणजे आत्ता थोरली आहे तेवढ्याच. विहिरी आटलेल्या, घरात दाणा नाही, सरकारनं काढलेल्या दुष्काळी कामावर त्यांची आई खडी फोडायला जायची आणि त्या सोबत. तिथं मिळणाऱ्या सुकडीची चव अजून जिभेवर आहे म्हणतात. एकदा दगडाची कपची उडून पायाला लागली, रक्त आलं. आईनं मूठभर माती दाबली आणि म्हणाली, "ऊठ, मुकादम बघतोय." त्यांच्या आईला काळीज नव्हतं असं थोडंच आहे, रडणाऱ्या पोरीजवळ बसायला तिच्याकडं पाच मिनिटंसुद्धा नव्हती, दिवसाचा रोज त्या पाच मिनिटांत अडकलेला. आत्यांची मुंगी कुठून आली हे मला तेव्हा समजलं. ज्या घरात रडण्याला जागा नव्हती तिथं रडं लवकर थांबवणं हीच माया होती.

मी विचारलं, मग कधी रडलातच नाही? तर थोडं थांबून म्हणाल्या, "रात्री रडायचे की. माझी म्हातारी आज्जी होती, आईची आई. तिला दिसायचं नाही नीट. पाय मांडीवर घ्यायची नि हातानं चाचपून बघायची कुठं लागलंय ते. काय बोलायची नाय, फुंकायची." मग त्या भाजी निवडायला लागल्या आणि मी पण पुढं काही विचारलं नाही.

हवाई बेटांपैकी कौआई म्हणून एक बेट आहे. तिथं १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोघींनी कित्येक दशकं, ती मुलं चाळिशीत जाईपर्यंत, पाठपुरावा केला. त्यातली बरीच मुलं फार अवघड घरांत वाढलेली, गरिबी, आईबापांची भांडणं, दारू, मानसिक आजार. अशी चार किंवा जास्त संकटं एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं चांगली, सक्षम, दुसऱ्याची काळजी घेणारी माणसं झाली. ती कशी तरली याचा शोध घेताना इतर गोष्टींबरोबर एक गोष्ट परत परत सापडली, त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी मोठं माणूस होतं ज्यानं त्यांना घट्ट धरून ठेवलं. ते आईबापच होते असं नाही. आजी-आजोबा, मावशी, शेजारीण, एखादे शिक्षक, कुणीही. त्यामुळं "आमचं काय बिघडलं" म्हणणाऱ्याला मला एवढंच विचारावंसं वाटतं की तुमची ती आंधळी आज्जी कोण होती, नीट आठवून बघा. आणि ज्यांना कुणीच नव्हतं त्यांचं काय झालं हे सांगायला ते बहुतेक वेळा आपल्यासमोर नसतातच.

आता माझ्या हातून झालेलं सांगते, कारण नुसतं गॅलरीतलं सांगून मी कुणी शहाणी आई आहे असं वाटायला नको. मी पतसंस्थेत नोकरीला आहे, मार्च एंडला घरी यायला नऊ-साडेनऊ होतात. गेल्या मार्चमध्ये अशीच आले, उशीच्या अभ्र्यात मला गणिताच्या चाचणीचा पेपर सापडला, २० पैकी ७. पेपर मिळाला नाही म्हणून तिनं सांगितलेलं. घरात नणंद आलेली होती, तिची मुलं होती, त्या सगळ्यांसमोर मी तिला नाही नाही ते बोलले. "खोटारडी" म्हणाले. "तुझ्यावर आता विश्वासच नाही" म्हणाले. तिचा चेहरा एकदम बंद झाला, दार लावून घेतल्यासारखा.

रात्री झोप येईना. मार्क गेले चुलीत, तिला पेपर लपवावासा का वाटला? कारण दाखवला तर काय होईल हे तिला माहीत होतं, आणि मी अगदी तेच करून दाखवलं होतं.

माझे बाबा असं काही झालं की माफी मागायचे नाहीत. मारलं त्या दिवशी संध्याकाळी कामावरून येताना भडंगचा पुडा घेऊन यायचे, लसणाचं, मला आवडायचं ते, आणि काही न बोलता माझ्यासमोर ठेवायचे. मी ते खायचे आणि विषय संपायचा. तो पुडा म्हणजे सॉरी होतं हे मला चाळिशी आल्यावर कळलं, तोवर बाबा गेले होते. मला आजही भडंग बघितलं की भरून येतं, पण लहानपणी मला वाटायचं मार माझ्या चुकीसाठी होता आणि भडंग पगार झाला म्हणून. शब्द नसले की पोर आपल्याआपण अर्थ लावतं, आणि तो बहुतेक वेळा स्वतःच्या विरुद्धच लावतं.

म्हणून सकाळी वेणी घालताना तिला म्हटलं, "काल सगळ्यांसमोर मी तुला खोटारडी म्हटलं ते चुकलं माझं. पेपर लपवणं मला आवडलं नाही, ते वेगळं. पण तसं बोलणं माझी चूक होती." वेणी घालताना एक बरं असतं, एकमेकींचं तोंड दिसत नाही. ती काही बोलली नाही. संध्याकाळी मात्र दप्तरातून आणखी एक पेपर काढून दिला, विज्ञानाचा, तोही लपवलेलाच होता.

एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात तान्ह्या बाळांवर एक प्रयोग केला. आई बाळाशी खेळता खेळता अचानक चेहरा निर्विकार करते आणि थोडा वेळ तसाच ठेवते. बाळ आधी हसून बघतं, हात पुढं करतं, आवाज करतं, मग कावरंबावरं होतं, तोंड फिरवतं, रडतं. बघवत नाही ते. पण मला त्यांच्या कामातलं दुसरंच जास्त लागलं. चांगल्या, प्रेमळ आयांचीसुद्धा आपल्या बाळाशी तार जुळते ती फार तर तीसेक टक्के वेळ. उरलेला वेळ चुकणं, परत जुळवणं, परत चुकणं. आणि मूल शिकतं ते या परत जुळवण्यातून, की तुटलं तरी सांधता येतं. हे वाचल्यावर मी खरोखर रडले. इतकी वर्षं मला वाटत होतं की चांगली आई म्हणजे न चिडणारी.

एक मात्र सांगायलाच पाहिजे, सगळ्याच जखमा फुंकरीच्या नसतात. पोराची झोप उडालीय, जेवण तुटलंय, आवडीच्या खेळातही मन नाही, शाळेत जायचं म्हटलं की रोज पोट दुखतंय आणि हे दोन-दोन आठवडे चाललंय, किंवा "मी नसलेलंच बरं" असलं काही बोललं, चेष्टेत का असेना, तर "लक्ष वेधून घेतंय" म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांकडं, समुपदेशकांकडं जा. १४४१६ हा सरकारच्या टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास लागतो, मराठीतही बोलतात. लोक काय म्हणतील हा विचार तेव्हा बाजूला ठेवा, पाय मोडला तर आपण फुंकर घालत बसत नाही.

खो-खोचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. मी सरांना फोन केला नाही. करायचा मोह शेवटपर्यंत होत होता, कारण पोराच्या वतीनं भांडणं हे पोराजवळ गप्प बसण्यापेक्षा फार सोपं असतं. तिला म्हटलं तुला विचारावंसं वाटतं का सरांना. चार दिवस घेतले तिनं. दोन वेळा ग्राउंडवरून न विचारताच परत आली. मग विचारलं, "सर, माझं कुठं कमी पडतंय?" सर म्हणाले, बसल्यावर तुझं लक्ष उडतं, त्यामुळं खो मिळाल्यावर चुकीच्या दिशेला उठतेस आणि फाउल होतो. हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, उलट काहीतरी हाती लागल्यासारखं होतं. आता संध्याकाळी हॉलमध्ये उशा मांडून त्यावर बसते आणि धाकट्याला सांगते मागून येऊन खो दे. तो खो म्हणतो आणि तिच्यावर लोळण घेतो. मैत्रीण स्पर्धेला गेली तेव्हा तिला आपला लकी हेअरबँड दिला, दिल्यावर घरी येऊन जरा गप्प होती. शब्द विचारला तर म्हणाली, "अजून सापडला नाही." म्हटलं, राहू दे.

काल रविवारी सगळे घरात होतो. धाकटा उशांच्या मधून पळताना घसरला आणि गुडघ्यावर पडला. आत्या उठायला लागल्या, मी पण उठले, तोवर थोरली त्याच्याजवळ मांडी घालून बसली होती. "कुठं लागलं? दाखव." त्यानं रडत रडत पँट वर करून गुडघा दाखवला. पडला होता डाव्यावर, दाखवला उजवा. ती वाकली आणि त्यावर फुंकर घातली.